आधी शाळा, मग तिकीट

वहिनी, जर्मनीला जायचं म्हणताय, तर बडोद्यातलं, रावपुऱ्यातलं घर आवरायला घेण्याआधी लेकीच्या शाळेचं ठरवा. आम्ही उलटं केलं.

जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, पण शिकवणं जर्मनमध्ये. आणि घरी बसवून शिकवू म्हणाल तर तेही चालत नाही, कायद्याने शाळेतच जावं लागतं. बहुतेक राज्यांत चौथीनंतर (बर्लिनमध्ये सहावीनंतर) मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. त्यातली गिम्नाझियम नावाच्या शाळेची वाट आबिटुर परीक्षेकडे, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे जाते. नवख्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी भाषेचे वेगळे वर्ग असतात, ते आधी विचारून घ्या.

आमचा चिरंजीव गणितात हुशार. पहिल्या पेपरात समीकरणं सगळी बरोबर, शाब्दिक उदाहरणं कोरी! उत्तर येत होतं हो, प्रश्नच वाचता येत नव्हता. त्या रात्री जेवला नाही. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, म्हणून चौथी भाषा सहज येईल हा आमचा बडोदेकरी भ्रम.

नोकरी दोन-तीन वर्षांचीच असेल तर इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा बघा. महाग आहे, पण कंपनी फी देते का ते करारावर सही करण्याआधी विचारा, नंतर कोणी ऐकत नाही. कायमचं जायचं असेल तर जर्मनच. लेक नववीत आहे ना? मग दहावी बडोद्यातच होऊ द्या. तोवर जर्मन भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या, ए-वन आणि ए-टू, उरकून घ्या, आणि क्लासला तुम्हीही बसा. पालकसभेत दुभाषी म्हणून तिलाच नेऊ नका, स्वतःबद्दलच्या तक्रारी ती गाळूनच सांगेल.