जीमॅट अर्जाच्या किती आधी द्यावी?

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्याबद्दल प्रश्न असा आहे : 'इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार-पाच वर्षं नोकरी करून मग एमबीए करायचं आहे. जीमॅट आत्ताच देऊन ठेवू, की अर्ज भरायच्या वर्षी?'

आत्ताच दे. निकाल लागल्यावर नोकरीवर रुजू होईपर्यंत जो रिकामा पावसाळा मिळतो ना, त्यात उरकून टाक. स्कोअर पाच वर्षं चालतो, मग थांबायचं कशासाठी?

मी रावेर तालुक्यातली. मी नेमकं हेच केलं आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते अजून मिटलेलं नाही. आमच्याकडे केळीच्या बागा. मोठे काका रोज सकाळी ओट्यावर बसून फोनवर आधी रावेरचा भाव विचारायचे, मग बऱ्हाणपूरचा, आणि दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना सारख्याच शिव्या घालायचे. परीक्षेची फी डॉलरमध्ये भरायची हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते भाव विचारायचंच विसरले. "कॉलेजात जायचं पाच वर्षांनी आन् परीक्षा आज? घड कापला की चार दिवसात गाडीत चढवा लागतो व माय, मार्क काय तसेच राहतील?" वडील गप्प. आई म्हणाली, जाऊ द्या ना, हुशार आहे ती. तेवढ्या शब्दावर भुसावळहून रात्रीची गाडी धरून पुण्याला गेले आणि परीक्षा देऊन आले.

मग जळगावला कारखान्यात नोकरी लागली. पाळी संपवून खोलीवर आलं की भाकरी थापायचाही कंटाळा, गणितं कोण सोडवणार? बरोबरचे दोघे 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत पुस्तकं कपाटावर ठेवून बसले, ती तिथेच आहेत. इकडे प्रत्येक लग्नात काका चारचौघांत विचारायचे, "पावती जपून ठेवली ना गं?" आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला, म्हणजे नोकरी केलेल्यांसाठीच्या एक वर्षाच्या एमबीएला, किमान चार वर्षांचा अनुभव लागतो आणि तिथे जीमॅट किंवा जीआरई ही तशीच दुसरी परीक्षा चालते. माझा अनुभव पुरा झाला तेव्हा स्कोअर जिवंत होता. अर्जाच्या वर्षी मी फक्त निबंध लिहिले आणि शिफारसपत्रांसाठी साहेबांच्या मागे लागले. प्रवेश मिळाल्याचं काकांना पेढा देऊनच सांगितलं. पेढा खाल्ला आणि म्हणाले, "नशीब लागतं."

नशीब नाही हो काका, कॅलेंडर लागतं.

आता थोडं उलटं पण सांगते. मी दिली ती जुनी, ८०० मार्कांची परीक्षा. नोव्हेंबर २०२३ पासून नवी आली : तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, स्कोअर २०५ ते ८०५. जुने आकडे नव्याशी थेट ताडून बघू नकोस. परीक्षा अशी मधेच बदलू शकते, एवढा धोका लवकर देण्यात आहे. गणित कच्चं असेल तर घाई नको, आधी ते पक्कं कर. दोन परीक्षांत किमान १६ दिवस जावे लागतात, म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला जागा ठेव. अर्ज याच वर्षी असेल तर परदेशी कॉलेजांची पहिली फेरी बहुधा सप्टेंबरात बंद होते, जुलैपर्यंत स्कोअर हातात हवा. घरूनही देता येते, पण आमच्याकडची लाईट बघता मी तरी केंद्रावरच जा म्हणेन.

आणि हे सगळं जीमॅट-जीआरईपुरतं. कॅट, म्हणजे आयआयएमची आपली प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरात होते आणि तिचा स्कोअर पुढच्या एकाच प्रवेशाला चालतो. आपल्या राज्याची सीईटीही त्या-त्या वर्षापुरतीच. त्या दोन्ही ज्या वर्षी जायचं त्याच फेरीत द्यायच्या, साठवून काही उपयोग नाही.

हे काकांना कोणीतरी सांगा. माझं बघून ते आता नातवाच्या मागे लागलेत, "कॅट आत्ताच देऊन टाक, ताईसारखी." नातू दुसऱ्या वर्षाला आहे. कॅटला बसायला पदवी नाहीतर पदवीचं शेवटचं वर्ष लागतं, हे मी दिवाळीत सांगितलं तर म्हणाले, "तू नको शिकवू."