जाहिरातीचा पैसा कुठे मुरतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हळद पावडर आणि बेदाणा किरकोळीत घरपोच विकतो. गूगलवर 'परफॉर्मन्स मॅक्स' मोहीम (एकाच मोहिमेतून सर्च, शॉपिंग, यूट्यूब अशा सगळीकडे जाहिरात) लावली आहे. पण फोन येतात ते 'आज हळदीचा भाव काय निघाला?' विचारणाऱ्यांचे, नाहीतर बेणं शोधणाऱ्यांचे. हे थांबवता येईल का? – एक व्यापारी, सांगली

उत्तर : येईल. 2025 पासून या प्रकारच्या मोहिमेतही नको असलेले शब्द थेट गाळता येतात, एका मोहिमेत 10,000 पर्यंत. आधी 'सर्च टर्म्स'चा अहवाल उघडा. लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते तिथे दिसतं. त्यातले बिनकामाचे शोध निवडून 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणून टाका.

नुसता 'भाव' हा शब्द मात्र टाकू नका. तो शब्द असलेला प्रत्येक शोध बंद होईल आणि 'हळद पावडर 1 किलो भाव' विचारणारं पक्कं गिऱ्हाईकही हातचं जाईल. 'बाजारभाव', 'बाजार भाव', 'आजचा भाव', 'हळद बेणे', 'हळद लागवड' असे नेमके शब्द द्या. समानार्थी शब्द आणि अनेकवचनं आपोआप गाळली जात नाहीत, प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागतं. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणारे पुष्कळ असतात. ती रूपंही घाला. ही गाळणी सर्च आणि शॉपिंगपुरतीच चालते, यूट्यूबवरच्या जाहिरातीला ती लागू नाही.

खरं दुखणं बहुधा 'गोल्स'मध्ये, म्हणजे जाहिरातीचं उद्दिष्ट ठरवण्याच्या सेटिंगमध्ये सापडेल. फोनचं बटण दाबलं की 'कन्व्हर्जन' (जाहिरातीतून साधलेलं काम) धरलं जात असेल, तर भाव विचारून फोन ठेवणाराही यंत्रणेच्या हिशेबी यशच. मग ती तशीच माणसं आणखी शोधून आणते. ऑर्डर पूर्ण होणं 'प्रायमरी' ठेवा, फोनचं बटण 'सेकंडरी' करा. सेकंडरीची नोंद होते, पण जाहिरात दाखवण्यासाठी गूगल किती रुपयांची बोली लावणार, ते त्यावर ठरत नाही. हा बदल केल्यावर एक-दोन आठवडे आकडे वरखाली होतील. तेवढ्यात पुन्हा सेटिंग बदलू नका.

प्रश्न : कास रस्त्यावर आमचा होमस्टे आहे. गूगल जाहिरातीचं रोजचं बजेट 500 रुपये, तरी एका दिवशी 960 गेले. शिवाय फक्त सातारा निवडूनही क्लिक पुण्याचे येतात. – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही नियमानुसारच आहे. 500 ही सरासरी धरतात; एखाद्या दिवशी दुप्पट, म्हणजे 1,000 पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या 30.4 पट (महिन्याचे सरासरी दिवस), म्हणजे 15,200 रुपये. 18 टक्के जीएसटी वेगळा : आगाऊ 1,000 भरले तर जाहिरातीला सुमारे 847 उरतात.

लोकेशनच्या मूळ सेटिंगमध्ये त्या गावात असलेले आणि त्या गावात रस असलेले, असे दोघेही येतात. शहरातल्या औषध दुकानाने हे बदलून 'प्रेझेन्स' (फक्त तिथे असलेले) करावं. तुम्ही करू नका. कासची फुलं पाहायला येणारा पाहुणा पुण्या-मुंबईतच बसून खोली शोधतो.

प्रश्न : क्लासच्या गूगल सर्च जाहिरातीला 'एआय मॅक्स' (एआयकडून शोध आणि मजकूर ठरवून घेणारी सोय) चालू करावं का? – एक वाचक, विटा

उत्तर : आधी वेबसाइट तपासा. यातलं 'टेक्स्ट कस्टमायझेशन' तुमच्या पानांवरचा मजकूर उचलून जाहिरातीच्या ओळी बनवतं. गेल्या वर्षीची फी किंवा बंद झालेली बॅच तिथे राहिली असेल तर तीच जाहिरातीत झळकेल. ही सोय आणि 'फायनल यूआरएल एक्स्पान्शन' (क्लिक करणाऱ्याला वेबसाइटच्या कोणत्या पानावर न्यायचं ते गूगलने ठरवणं) दोन्ही बंद करता येतात. पानं दुरुस्त होईपर्यंत ती बंदच ठेवा.