मालवणचं इंजिन, कृष्णेचं पाणी

प्रश्न : आमच्या बोटीला आठ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे, मालवणहून आणलेलं. तिथं समुद्रात चांगलं चालताना बघूनच घेतलं. इथं कृष्णेत स्लोवर चालतं, पण थ्रॉटल उघडला की कार्बोरेटरातून फट् आवाज येतो आणि बंद पडतं. मेस्त्री म्हणतात, आपण समुद्रापेक्षा उंचावर आहोत, त्यामुळे पेट्रोल जादा जातंय, सुई (कार्बोरेटरचा पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू) आवळा. आवळू का? पावसाळ्याआधी बोट तयार पाहिजे.
– एक वाचक, मांजरी (ता. चिकोडी)

उत्तर : आवळू नका. कार्बोरेटर असा उलटा शिंकतो तो पेट्रोल कमी पडल्यावर. जादा झालं असतं तर धूर आला असता, स्लोवर इंजिन अडखळलं असतं, प्लग काळा-ओला निघाला असता. तुमचा प्लग काढून बघा, पांढरट दिसला तर शंकाच नको.

मेस्त्रींचं उंचीचं म्हणणं खोटं नाही. हवा विरळ झाली की तेवढ्याच जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरातल्या बारीक छिद्रातून, जाणारं पेट्रोल हवेच्या मानानं जादा होतं. पण तुमच्या नदीकाठी उंची पाचशे मीटरच्या थोडी वर, त्यानं पडणारा फरक दोन-तीन टक्क्यांचा. त्याच्या उलट दिशेला ओढणारी गोष्ट पेट्रोलपंपावर आहे. आता मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच चिकोडी-अथणीकडच्या उसातून निघतं, त्याचा मला आनंदच आहे, पण इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण साडेतेरा. जुने जेट साध्या पेट्रोलच्या हिशेबानं पाडलेले, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. उंचीचा फायदा वजा केला तरी तोटाच उरतो.

तरीही सुईला हात लावण्याआधी कार्बोरेटर उघडून साफ करा. इंजिन समुद्रावरचं आहे, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पूड आणि जुन्या पेट्रोलचा चिकटा असणारच. बारीक छिद्रांत तार घालू नका, छिद्र मोठं होतं. क्लीनर फवारून हवा मारा. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, तेव्हा पेट्रोलची नळी, इंजिनाच्या पेट्रोल-पंपाचा पडदा आणि गॅस्केट नवीन टाका.

मग सुई हलकेच टेकेपर्यंत आत घ्या. जोर लावलात तर टोकाला खाच पडते आणि ती सुई कायमची वाया जाते. तिथून दीड आटा बाहेर काढा, ही फक्त सुरुवात. बोट काठाला दोन्हीकडून घट्ट बांधा, इंजिन पाण्यात, गिअरमध्ये आणि पूर्ण तापलेलं. कोरडं चालवू नका, थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबर लगेच जळतं. आता अष्टमांश आटा फिरवायचा आणि दहा-पंधरा सेकंद थांबायचं. हे थांबणं कुणी करत नाही, आणि तिथंच सगळं बिघडतं. आत घेता घेता शिंकेल ती एक हद्द, बाहेर काढता काढता जड होऊन अडखळेल ती दुसरी. मधली जागा धरा आणि तिथून किंचित बाहेरच्या बाजूला ठेवा. थ्रॉटल झटक्यात उघडून बघा, न शिंकता उचललं की झालं. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा असतो, त्यात दिशा उलटी. आत घेतल्यावर शिंकण्याऐवजी जड झालं तर तुमचा तोच समजा.

ही सुई फक्त स्लो आणि उचल सांभाळते. पूर्ण वेगाचं पेट्रोल मोठ्या जेटमधून येतं. तिथं जीव गेल्यासारखं वाटलं तर ताबडतोब वेग कमी करा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होतो. ऑइलचं प्रमाण इंजिनावर लिहिलेलं बघा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, आणखी जुन्या इंजिनांना २५:१, म्हणजे ४० मिली लागतं.

२००५ आणि २०१९चे पूर तुम्ही काठावरून बघितलेत. त्या धारेत इंजिन बंद पडलं तर बोटीतल्या माणसांच्या हाती काही उरत नाही. म्हणून मेमध्येच हे उरका, भरलेल्या बोटीनं प्रवाहाविरुद्ध चालवून खात्री करा, आणि वल्ही कधीच घरी ठेवू नका. काम झाल्यावर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद होऊ द्या, म्हणजे वाटी कोरडी होईल. टाकीतलं ई-२० महिनोन्महिने साठवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.