ड्युअल क्लच गाडी, संपत आलेली वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे ३२ हजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लच आलटून-पालटून वापरून गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स), ठाणे-अंधेरी रोजची ये-जा, ३८ हजार किलोमीटर झालेत, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी दोन महिन्यांत संपतेय. शोरूमवाले पुढच्या दोन वर्षांच्या एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव वॉरंटीचे ३२ हजार सांगताहेत. घ्यावी का?

या गाडीला घ्या. हीच गाडी साधी १.२ लिटर पेट्रोल मॅन्युअल असती तर नको म्हटलं असतं. तिला चौथ्या-पाचव्या वर्षी जे लागतं ते म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, टायर. यातलं जवळपास काहीच एक्स्टेंडेड वॉरंटीत बसत नाही, सगळं झिजेच्या यादीत टाकलेलं असतं.

तुमच्याकडे जोखीम गिअरबॉक्सची आहे. क्लच ड्राय प्रकारचा असेल तर तो गार करायला तेल नसतं. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) कोंडीत गाडी हातभर सरकते, थांबते, परत सरकते, तेव्हा क्लच पूर्ण जुळतच नाही, अर्धवट घासत राहतो आणि तापतो. दुसरा नाजूक भाग मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट. ते पूर्ण बदलायचं झालं तर पार्ट आणि मजुरी धरून बिल लाखाच्या वर सहज जातं. त्याशिवाय टर्बो, एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, इन्फोटेनमेंटचा स्क्रीन. ३२ हजार म्हणजे महिन्याला साधारण १,३३० रुपये पडतात. यातला एक मोठा पार्ट गेला तरी वसूल.

पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट शोरूमकडून ईमेलवर लिहून घ्या: ‘ड्युअल क्लच पॅक (दोन्ही क्लचचा संच) कव्हर आहे की वेअर अँड टेअरमध्ये, म्हणजे झिजेत धरलाय?’ सेल्सवाला ‘गिअरबॉक्स पूर्ण कव्हर आहे सर’ म्हणेल. त्याच्या म्हणण्याला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते. पॉलिसीची पूर्ण पुस्तिका मागा, ब्रोशर नको. ‘काय कव्हर नाही’ हे पान आधी वाचा. क्लच पॅक बाहेर असला आणि मेकाट्रॉनिक आत, तरी घेण्यासारखी आहे, पण मग निम्मी जोखीम तुमच्याकडेच राहते हे धरून भाव करा.

वॉरंटी देतंय कोण, हेही बघा. गाडी बनवणाऱ्या कंपनीची असेल तर देशभर कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. काही डीलर तिऱ्हाईत कंपनीची विकतात. तिच्यात दर क्लेमला किंवा वर्षाला मर्यादा असू शकते, आणि रिपेअर सुरू करण्याआधी त्यांची मंजुरी लागते. सांगितलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे का ते विचारा. पैसे भरल्यावर चॅसिस नंबर असलेलं सर्टिफिकेट घ्या आणि वॉरंटी कंपनीच्या ॲपवर दिसतेय का ते त्याच आठवड्यात तपासा. डीलरने पावती फाडली, पण कंपनीकडे नोंदच केली नाही, ही भानगड दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.

क्लेम फेटाळला जातो तो बहुतेक सर्व्हिसच्या नोंदीवरून. नियम साधारण १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. ‘गाडी चार हजारच चालली, कशाला सर्व्हिसिंग’ म्हणून वर्ष चुकवणारे इथेच अडकतात. तुमचं रनिंग वर्षाला १३ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे तुम्हाला वर्षाच्या आतच सर्व्हिस लागते. मधली एखादी सर्व्हिस बाहेर केली असेल तर आत्ताच विचारा की चालेल का. बाहेरून वायर कापून बसवलेले हॉर्न, लाइट, कॅमेरा हे दुसरं कारण. पुढे वायरिंगचं काहीही झालं की बोट तिकडे दाखवतात. तिसरं, तापमानाचा लाल दिवा लागल्यावरही गाडी रेटणं. कूलंटचा पाइप गेला तो त्यांचा, पण तशीच चालवून हेड गास्केट (इंजिनातलं सील) उडालं तर ते तुमच्या माथी.

आता हातातले दोन महिने. हे ३२ हजारांपेक्षा मोलाचे आहेत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, चढावर थांबून सुटताना झटका, स्टिअरिंगचा खट् आवाज, एसी मधूनच गरम, जे काही वाटतं ते मूळ वॉरंटीतच दाखवा. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रारनोंदीच्या कागदावर, सर्व्हिस ॲडव्हायझर ‘जनरल चेकअप’ लिहितो. ते चालवून घेऊ नका. तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘गाडी गरम झाल्यावर, सुमारे ४० मिनिटांनी, पहिल्यातून दुसऱ्या गिअरला झटका.’ टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकशेजारी स्वतः बसा, आणि गाडी तापलेली असतानाच न्या, थंड गाडीत हा दोष लपतो. ‘प्रॉब्लेम आढळला नाही’ असा शेरा मारला तरी हरकत नाही, जॉब कार्डची कॉपी घ्या. वॉरंटी संपल्यावर तोच दोष वाढला तर तो आधीच नोंदवलेला होता याचा पुरावा तोच कागद. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते.

एक गैरसमज कायम दिसतो. पावसात पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरलं, किंवा उंदरांनी वायरिंग कुरतडलं, तर वॉरंटी उपयोगाची नाही. इंजिनात पाणी गेलं तर त्यासाठी विम्याचं इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन लागतं. मुंबईत ते आधी घ्या, मग वॉरंटीचा विचार.

घ्यायची ठरली तर मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्या. नंतर मिळालीच तर तपासणी लावतात आणि भाव चढतो. किलोमीटरची मर्यादाही बघा. पाच वर्षांत तुम्ही ६५ हजारांच्या आसपास जाल, तेव्हा एक लाखाची मर्यादा पुरून उरते, जास्त किलोमीटरच्या महाग पॅकेजची गरज नाही. आणि मधे गाडी विकलीत तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करण्याची फी आणि मुदत किती ते त्याच पुस्तिकेत शोधा.