इंग्लंडमध्ये पूर्ण इलेक्ट्रिक हीटिंग असलेल्या फ्लॅटला ईपीसीत (घराच्या ऊर्जावापराचं सर्टिफिकेट; 'ए' सगळ्यात चांगला, 'जी' सगळ्यात वाईट) 'ई' का मिळतो? हीटर तर शंभर टक्के कार्यक्षम असतो ना? असा फ्लॅट घ्यावा का?

हीटर सगळी वीज उष्णतेत बदलतो, हे खरं आहे. पण ईपीसीवरचं ते अक्षर हीटरची कार्यक्षमता सांगतच नाही. घर तापवायला, पाणी गरम करायला आणि दिव्यांना दर चौरस मीटरमागे किती खर्च येईल, त्यावर ते ठरतं. ईपीसीच्या २०१२ च्या हिशेबपद्धतीत गॅसचं युनिट ३.४८ पेन्स आणि विजेचं १३.१९ पेन्स धरलं होतं. मग दुसरं काय होणार?

आता माझं सांगते, कारण याच अक्षरावरून आमच्याकडे कित्येक वर्षं वाद चाललाय. लीड्सला फ्लॅट घेतला तेव्हा थोरले भाऊजी म्हणाले होते, "गॅस नाही ते घर घेऊ नका, पुढे कुत्रं विचारणार नाही." आमच्याकडे स्टोरेज हीटर होते. इकॉनॉमी सेव्हन या दोन दरांच्या वीजयोजनेत रात्रीच्या स्वस्त सात तासांत आतल्या विटा तापतात आणि दिवसभर ऊब देतात. पुढे नोकरी बदलली, फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं, नवं ईपीसी काढलं आणि आला 'एफ'. एप्रिल २०२० पासून भाड्याच्या घराला किमान 'ई' लागतो, त्यामुळे सगळंच अडलं. भाऊजींचा फोन आलाच, "सांगितलं होतं ना?" मी रिपोर्ट ओळन् ओळ वाचला. मीटर सिंगल रेटचा, म्हणजे दिवसरात्र एकच दर असलेला, लिहिला होता! म्हणजे रात्रीची सगळी वीज दिवसाच्या दराने धरली होती. मी मीटरवरच्या दोन्ही रीडिंगचे फोटो आणि दोन दर छापलेलं बिल पाठवलं. घर तपासून सर्टिफिकेट देणारा असेसर आधी दाद देईना, तेव्हा सर्टिफिकेटवर ज्या अक्रेडिटेशन स्कीमचं (असेसरना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) नाव होतं तिच्याकडे तक्रार केली. नव्या सर्टिफिकेटवर 'डी' आला. हीटर तेच, भिंती त्याच, खिडक्याही त्याच.

म्हणून तुम्ही आधी रिपोर्टमध्ये मीटर कसा नोंदवलाय ते बघा, मग हीटर. दिवसाच्या दराने चालणारे पॅनल हीटर (भिंतीवरचे साधे विजेचे हीटर) या हिशेबात सगळ्यात मार खातात. स्टोरेज त्याहून बरे, त्यातही उष्णता जास्त वेळ धरून ठेवणारे नवे 'हाय हीट रिटेन्शन'वाले. बाहेरची उष्णता आत आणणारा हीट पंप सगळ्यांच्या पुढे, कारण एका युनिटमागे तो अडीच-तीन युनिट उष्णता देतो.

"वीज म्हणजे कोळसा" हा भाऊजींचा दुसरा मुद्दा. तो जुना झालाय. २०१२ च्या पद्धतीत विजेच्या युनिटमागे ०.५१९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला होता, गॅसमागे ०.२१६. नव्या पद्धतीत वीज ०.१३६ वर आली, गॅस ०.२१० वरच आहे. ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. तरी ते अक्षर अजून पैशांवरच ठरतं, आणि मला हे साफ चुकीचं वाटतं. स्वच्छ हीटिंगवाल्या घराला खालचा दर्जा देऊन लोकांना गॅसकडे ढकलणं झालं हे.

अर्थात बिल तुम्हालाच भरायचंय आणि पॅनल हीटरचं बिल खरंच जड जातं. ईपीसी दिवाणखाना २१ अंशांवर ठेवणारं ठरावीक कुटुंब धरतं, तुम्ही दिवसभर घरून काम करत असाल तर खर्च वाढेल. शिवाय फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर हीट पंपाला फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, परवानगी लागू शकते. फ्लॅट विकणाऱ्याकडून वर्षभराची बिलं मागून घ्या. ती झेपणारी असली, तर घरातलं कुणी "गॅस नाही" म्हणून नाक मुरडलं तरी फ्लॅट सोडू नका.