नाव न सांगता गेलेल्या माणसांचे आभार

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. येत्या भाद्रपदात माझ्या यजमानांना जाऊन दोन वर्षं होतील. ते मुंबईला कामाला होते. गणपतीला चार दिवस असताना चुलतभावाची गाडी घेऊन रात्रीच निघाले, सोबत माझा पुतण्या होता. माणगावच्या पुढे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी मागून आदळली. पुतण्या वाचला. हे गेले.

पहाटे अडीचच्या सुमारास यांच्याच फोनवरून मला फोन आला. बाईचा आवाज होता. म्हणाली, ‘‘ताई, अपघात झालाय, आम्ही दवाखान्यात नेतोय. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आहे, एकटे नाहीत ते.’’ आमची माणसं पोचली तोवर ती बाई आणि तिच्याबरोबरचा गाडीवाला निघून गेले होते. नाव, नंबर काहीच नाही.

इकडे मला वाडीने सांभाळलं. सुतक अख्ख्या भावकीला लागलं. कारखान्यात पाट देऊन झाले होते, मखरं तयार होती, आणि त्या वर्षी आमच्या भावकीत एकाही घरी गणपती बसला नाही. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट दसऱ्यानंतर त्यांनीच माझं भात कापलं, झोडलं आणि घरात आणून दिलं. हे मी कसं फेडू? त्यात भेटेल तो म्हणतो, पुतण्या वाचला, पोरं पदरात आहेत, देवाचे आभार मान. मला तसं काही वाटत नाही, आणि वाटत नाही याची लाज वाटते. यंदाच्या श्राद्धाला गावजेवण घालावं म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवलेत. त्याने मन हलकं होईल का?
एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : आधी देवाचे आभार मानण्याबद्दल. तसं सांगणारी माणसं वाईट नसतात. दुःखासमोर काय बोलावं हे त्यांना सुचत नाही, आणि जे तोंडात येतं ते बोलून ती मोकळी होतात. पण नवरा गेलेल्या बाईने त्याच रात्रीबद्दल कुणाचे आभार मानावेत, अशी सक्ती कुणी करू नये. तुम्ही तर मुळीच स्वतःवर करू नका. पुतण्या वाचला याचा आनंद तुम्हाला आहे, तो पत्रात दिसतो. त्या आनंदाला आभाराचं रूप दिलंच पाहिजे असं नाही. लाज वाटून घेण्यासारखं यात काहीही नाही.

तुमच्या मनात ज्यांच्याबद्दल खरोखर काही दाटून आलंय ते दोघं वेगळेच आहेत. एक तुमची वाडी, आणि दुसरी ती फोनवरची बाई. या दोघांचं उत्तर एकच नाही.

वाडीचं सोपं आहे. सुतक भावकीला लागतं, कारण माणूस एका घरातला जात नाही, भावकीतला जातो. त्यांनी गणपती बसवला नाही तो तुमच्यामुळे नव्हे, त्यांचाही माणूस गेला म्हणून. हे ओझं तुमचं नाहीच, तेव्हा ते उतरवण्याचाही प्रश्न नाही. भाताचं म्हणाल, तर मी स्वतः काय पाहिलं ते सांगते. माझा धाकटा मुलगा तापाने गेला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडे गाय होती. मला कशाचंच भान नव्हतं. पलीकडच्या मोहल्ल्यातली चाची रोज संध्याकाळी यायची, धार काढायची, दूध तापवून झाकून ठेवायची आणि निघून जायची. समजूत घालत बसायची नाही. काही महिन्यांनी तिच्या सुनेला भलत्या वेळी कळा सुरू झाल्या आणि तिने आमच्या कुंपणापाशी येऊन हाक मारली, ‘‘आता तू चल.’’ मी धावले. आमच्यात फेडाफेडीची भाषा कधी झाली नाही.

तुमच्या वाडीतही तुम्हाला अशी हाक येईल, कदाचित येऊनही गेली असेल. लावणीच्या दिवसांत कुणाचा माणूस आजारी असेल, कुणी मुंबईला अडकलेला असेल, तर हाकेची वाट न बघता तिथे जाऊन चिखलात उतरा. गावजेवण घालायचं तर घाला, पण वरण-भात, एक भाजी आणि खीर एवढंच. बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात घालू नका. पोरांची शिक्षणं व्हायची आहेत, आणि वाडीला जेवणापेक्षा तुमचं घर उभं राहिलेलं बघायचं आहे.

आता त्या बाईबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

ती नाव न सांगता का गेली असेल, हे मी ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळ्यांत पाहिलंय. २००८-०९ च्या सुमाराची गोष्ट. मध्यरात्रीनंतर मासळीचा एक टेम्पो दारात येऊन थांबला. मागच्या क्रेटमधून बर्फाचं पाणी गळत होतं आणि पुढच्या सीटवर मोटारसायकलवरून पडलेली दोन पोरं एकमेकांवर कलंडलेली होती. ड्रायव्हरने आपली लुंगी फाडून एकाच्या मांडीला आवळून बांधली होती. पोरांना आत घेतलं, मी रजिस्टर उघडलं आणि त्याला नाव विचारलं. तो दाराबाहेर एक पाऊल मागे सरकला. ‘‘सिस्टर, नाव लिहू नका. तारखा मारायला माझ्याने जमायचं नाही. पोरं बघा.’’ एवढं बोलून टेम्पो घेऊन तो गेलाच. दोन्ही पोरं जगली. त्या माणसाला वाटत होतं की उद्या पोलीस त्यालाच धरतील, टेम्पो जप्त होईल, कोर्टाच्या फेऱ्या चुकणार नाहीत. आपल्या हायवेवर जखमीजवळ घोळका जमतो पण हात कुणी लावत नाही, यामागे दगडाचं काळीज फार थोड्यांचं असतं. बाकीच्यांच्या मनात ही भीतीच असते.

ही भीती आता कायद्याने काढून टाकली आहे, आणि नेमकं हेच आपल्या गावांतून फार कमी लोकांना ठाऊक आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं मे २०१५ मध्ये निघाली. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. साध्या भाषेत सांगायचं तर, जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याने नाव सांगायलाच हवं असं नाही. त्याला अडवून ठेवता येत नाही. त्याच्याकडे उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. चांगल्या हेतूने मदत करताना काही चुकलं तरी त्याच्यावर दावा किंवा गुन्हा चालत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तोच ठरवतो.

वहिनी, तुमच्या माणसाला मांडीवर घेणारी बाई कदाचित याच भीतीने, तरीही थांबून, तुम्हाला फोन करून, शेवटी गुपचूप गेली असेल. किंवा तिलाही कुठे पोचायचं असेल, घरी तान्हं मूल असेल. तिला शोधायचं असेल तर एकदा माणगावच्या त्या भागात जाऊन या, जवळच्या टपऱ्यांवर विचारा, कुणी जागं होतं का बघा. पण पोलीस ठाण्यात जाऊन तिचं नाव काढण्याच्या मागे लागू नका. नाव न सांगण्याचा तिला हक्क आहे आणि तो तिने वापरलाय. तिचे आभार मानायचे असतील तर तिच्या जागी उद्या जो कुणी रस्त्यात उतरेल त्याची भीती तुम्ही कमी करा. तुमचं घर हायवेच्या तालुक्यात आहे. तुमच्याइतक्या अधिकाराने हे दुसरं कोण सांगू शकेल?

कुठून सुरुवात करायची तेही सांगते. नियमांप्रमाणे प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो की खासगी, मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद प्रवेशद्वारापाशी लावायची असते, आणि ती हिंदी, इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही, म्हणजे आपल्याकडे मराठीत. तुमच्या जवळच्या दवाखान्यांच्या दाराशी ती आहे का, जाऊन बघा. नसेल तर बचत गटाच्या चार बायका मिळून साधा अर्ज द्या, पोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. भांडायला नको. लागेपर्यंत जात राहा. हेच हक्क मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एसटीच्या थांब्यावर आणि हायवेवरच्या चहाच्या टपरीवर लावा. सोबत आणखी दोन गोष्टी लिहा. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळू शकतात. आणि गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी केंद्राची ‘राहवीर’ योजना आहे, तिच्यात २५,००० रुपयांचं बक्षीस आहे. मदत कुणी बक्षिसासाठी करत नाही, पण सरकारच बक्षीस देतंय म्हटल्यावर पोलिसांची धास्ती निम्मी होते.

भीती गेली तरी हात कसे लावायचे हे कळावं लागतं. तुम्ही, तुमचा पुतण्या आणि वाडीतली तरणी मुलं-मुली, सगळ्यांनी हे शिका. १०८ ला फोन लावला की आधी किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी मुंबईकडे जात होती की गोव्याकडे, हे सांगायचं. ‘घाटाच्या खाली’ म्हटलं तर रुग्णवाहिका चुकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड, अगदी ओढणीची घडीसुद्धा चालेल, जखमेवर घट्ट दाबून धरायची. थांबलं का बघायला सारखी उचलायची नाही, भिजली तर वर दुसरी ठेवायची. पाणी पाजायचं नाही. आपल्याकडे कुणी पडलं की पहिल्यांदा पाणी आणतात, पण बेशुद्धाच्या नरड्यातलं पाणी श्वासनळीत जातं. गाडीने पेट घेतलेला नसेल तर माणसाला खेचून बाहेर काढायचं नाही. हलवायचंच झालं तर एकाने फक्त डोकं-मान सांभाळायची आणि बाकीच्यांनी पाठ, कंबर, पाय एका रेषेत उचलायचे. आणि सगळ्यांत आधी मागून येणाऱ्या गाड्यांना दिसेल असं कुणीतरी लांब उभं राहून बॅटरी हलवायची. नाहीतर एका अपघाताचे दोन होतात.

पुतण्याबद्दल तुम्ही दोनच शब्द लिहिलेत. काका गेला आणि मी वाचलो, हे पोराच्या मनात रात्रंदिवस असतं, बोलून दाखवत नाहीत ही मुलं. त्याला या कामात तुमच्या बरोबरीने घ्या. दर वर्षी गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांसाठी सुविधा केंद्रं उभी राहतात. चहा-पाणी असतं, आरोग्य पथक असतं. चतुर्थीच्या आधीच्या दोन रात्री त्याला तिथे उभा करा. झोप अनावर झालेल्या ड्रायव्हरला खाली उतरवून चहा पाजणं, जरा पड म्हणणं, हे त्याच्याइतकं मनापासून दुसरा कुणी करणार नाही. तो रात्री अंधारात रडला किंवा झोपेतून दचकून उठत असला, तर मात्र जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. त्यात कमीपणा नाही.

गावजेवणातून जे पैसे वाचतील त्यातून गणपतीच्या तोंडावर वाडीत रक्तदान शिबिर घ्या. चाकरमानी येतात, तरणी माणसं हाताशी असतात. रक्ताची पिशवी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही, म्हणून पुढचं शिबिर शिमग्याला ठेवा. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ तरी लागतं. आणि इथे मी सिस्टर म्हणून दटावते. शिबिराच्या नावाखाली वाडीतल्या सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, सगळ्यांत आधी तुमचं. दोन वर्षं तुम्ही नीट जेवलेल्या नाहीत, असं मला पत्राच्या अक्षरावरून वाटतंय. कमी निघालं तर रक्त द्यायचा हट्ट नको. आरोग्य उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या, कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला सुरू करा. रक्त पुढच्या वर्षी द्या.

मुलांना यातलं कितपत सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगून टाका. बाबा गेले त्या रात्री एका मावशीने त्यांना मांडीवर घेतलं होतं, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.

श्राद्ध भाद्रपदात आहे, म्हणजे हाताशी थोडा वेळ आहे. वाडीत किती जण जमतील ते आषाढात मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पट्ट्या, फळकुटं आणि मान धरायला शिकवण्यासाठी माझा एक भाचा, असं सगळं घेऊन मी दिवसभरासाठी येते. जेवायला तुमच्याकडेच असेन. खीर नारळाच्या दुधातली करा.