कुत्र्याला चामड्याचं हाड द्यावं का?

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर आठ महिन्यांची आहे. दुकानातून आणलेलं चामड्याचं गाठीचं हाड तिने चघळून मऊ केलं आणि शेवटचा तुकडा तसाच गिळला. हे सुरक्षित आहे का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : लॅब्रेडॉरसारख्या हावरट जातीला हे हाड देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते हाड नसतंच. गाई-म्हशीच्या कातडीचा आतला थर चुन्याने केस काढून, वाळवून वळलेला असतो. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून पाहा, सकाळी फुगून बुळबुळीत झालेला दिसेल. पोटातही तो असाच फुगतो आणि फार सावकाश पचतो. मोठा तुकडा घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

गिळलेल्या तुकड्यासाठी पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, लाळ गळणं, जेवण नाकारणं, शी न होणं किंवा पोटाला हात लावू न देणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. श्वास अडकत असेल तर क्षणभरही थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने जीवावर बेतू शकतं.

चघळायला पोकळ रबरी खेळणं घ्या, तिच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं. त्यात दहीभात भरून चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर ती त्यावर तुटून पडेल! चघळायच्या कुठल्याही वस्तूत आपलं नख रुतलं पाहिजे; त्याहून कडक वस्तूने दाढ तडकते. मटणाचं शिजवलेलं हाडही नको, त्याच्या टोकदार चिपा निघतात.